वृक्षतोडीचा दर आणि फांदीवरचा माणूस

पावसाळ्यापूर्वीची कामे म्हणून महानगरपालिका ज्या गोष्टींची गणना करते, त्यांत नालेसफाईच्या खालोखाल वृक्षछाटणीचा क्रमांक लागतो. नालेसफाईवर सभागृहापासून चाळीच्या ओट्यापर्यंत सर्वत्र वाद झडतात. किती गाळ काढला, तो कोठे टाकला, किती पैसे मुरले, याचा हिशोब मागणारे नागरिक पुष्कळ आढळतात. वृक्षछाटणीच्या वाट्याला हे भाग्य क्वचितच येते. झाड तोडावे की तोडू नये, या प्रश्नावर आपण हिरिरीने भांडतो; परंतु एकदा तोडावयाचे ठरले, की ते कसे तोडावयाचे, कोणी तोडावयाचे आणि तोडणाऱ्याच्या जिवाची किंमत कोणाच्या खात्यावर मांडावयाची, हे प्रश्न कोणी विचारीत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय हा दुसरा, उपेक्षित प्रश्न आहे.

वृक्षांच्या वादात कांजूरमार्गचे नाव यापूर्वी येऊन गेले आहे. आरे वसाहतीत मेट्रोच्या कारशेडसाठी ऑक्टोबर २०१९ मध्ये दोन हजारांहून अधिक झाडे एक-दोन रात्रींत तोडली गेली आणि सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबर रोजी तोडीला स्थगिती दिली, तेव्हा बहुतेक झाडे आडवी झालेली होती. पुढच्या वर्षी कारशेड कांजूरमार्गच्या मोकळ्या जागेत हलविण्याचा निर्णय झाला. डिसेंबर २०२० मध्ये उच्च न्यायालयाने त्या कामास स्थगिती दिली आणि २०२२ मध्ये गाडी पुन्हा आरेच्या मार्गाला लागली. त्या साऱ्या वादात कांजूर म्हणजे जणू झाडे नसलेली जागा, असे चित्र निर्माण झाले. पूर्वेकडच्या मिठागरांपुरते ते कदाचित खरे असेल. पण स्थानकाच्या पश्चिमेला लालबहादूर शास्त्री मार्गाच्या बाजूने चालत गेलेल्या माणसाला वेगळे चित्र दिसते. १९६८ मध्ये येथे रेल्वेस्थानक झाले, त्याच्या आगेमागे कारखान्यांची आवारे आणि कामगारांच्या वसाहती वाढल्या. आणि त्या काळात सावलीसाठी लावलेले वर्षावृक्ष, गुलमोहर व सोनमोहोर आज पूर्ण पसरलेले आहेत. कारखाने गेले, त्यांच्या जागी उंच इमारती आल्या, रस्ते रुंदावले, मेट्रोचे खांब उभे राहिले. झाडे मात्र राहिली, आणि ज्या मोकळ्या आवारासाठी ती लावली होती ते आवार त्यांच्या भोवतालून नाहीसे झाले. एका बाजूला इमारतीचे सज्जे, दुसऱ्या बाजूला वाहनतळाचे पत्रे, खाली कुंपणाची भिंत आणि मध्ये सर्व बाजूंना हात पसरलेले झाड, अशी आजची स्थिती आहे.

आरेमधील झाडे तोडण्यास विशेष कौशल्य लागले नाही, कारण त्यांना पडावयास जागा होती. बुंध्याला खाच घेतली, मागून करवत चालविली, की झाड आडवे होते. वसाहतीच्या अंगणातल्या झाडाला पडावयास जागाच नसते. ते उभ्यानेच, तुकड्यातुकड्याने, वरून खाली उतरवावे लागते. आणि त्यासाठी कोणातरी माणसाला त्या झाडावर चढून, त्याच झाडाच्या आधाराने, तेच झाड कापावे लागते. आपण ज्या फांदीवर बसलो ती फांदी तोडणे हे मूर्खपणाचे लक्षण म्हणून लहानपणापासून आपल्याला सांगितले जाते. या धंद्यात तेच रोजचे काम आहे, आणि शहाणपणाने करावयाचे काम आहे.

ते शहाणपण म्हणजे नेमके काय, हे जरा विस्ताराने सांगणे इष्ट ठरेल. कारण ते ठाऊक नसल्यामुळेच आपण त्याची किंमत देत नाही.

नारळाचे किंवा ताडाचे झाड म्हणजे एक खांब. कोकणातला पाडेली त्यावर ज्या सफाईने चढतो ती पाहून कोणीही थक्क व्हावे. परंतु त्याची विद्या खांबाची आहे. वर्षावृक्षासारखे पसरट झाड ही वेगळी वस्तू. त्याला मधोमध सरळ वर गेलेला शेंडा नसतो. बुंधा थोडा वर गेला की तीन-चार जाड फांद्या फुटतात आणि त्या जवळजवळ आडव्या होऊन दूरवर जातात. अशा फांदीचे बहुतेक वजन तिच्या टोकाकडे असते. तराजूच्या दांडीप्रमाणे ती बुंध्यापाशी अडकलेली असते आणि तिच्या मुळाशी सारा ताण साठलेला असतो. चढणाऱ्याने आपला दोर झाडाच्या मध्याजवळच्या सर्वांत उंच, निकोप बेचक्यातून घ्यावयाचा आणि त्या दोरावर भार ठेवून फांदीवरून बाहेर जावयाचे. तो जितका बाहेर जाईल तितका दोर आडवा होतो. पाय घसरला, तर तो खाली न पडता लंबकासारखा झोका घेऊन बुंध्यावर आपटतो. म्हणून एका दोरावर भरवसा ठेवीत नाहीत. कमरेच्या पट्ट्याला दुसरा आखूड दोर असतो, तो जिथे उभे असू तिथे गुंडाळावयाचा. आणि यांत्रिक करवत हाती असताना तर दोन ठिकाणी बांधल्याखेरीज ती सुरूच करावयाची नाही, असा या व्यवसायाच्या प्रगत देशांतील दंडक आहे. कारण साधे आहे. करवतीच्या एका निसटत्या स्पर्शाने ताणलेला दोर तुटतो.

पुढचा धोका अधिक फसवा. फांदीच्या टोकाचा जड भाग कापून खाली गेला, की उरलेली फांदी भार हलका झाल्यामुळे एकदम वर उसळते, आणि तिच्यावर उभा असलेला माणूस उडविला जातो. अनुभवी माणूस म्हणून टोकाकडून थोडे थोडे घेतो, एकदम मोठा घास घेत नाही. शिवाय जाड फांदी केवळ वरून कापली, तर काप पुरा होण्यापूर्वीच ती स्वतःच्या भाराने चिरत येते, आणि ती चीर कापणाऱ्याच्या दिशेने धावते. यासाठी प्रथम खालून काप घ्यावा, मग त्याच्या किंचित बाहेरच्या अंगाला वरून घ्यावा. म्हणजे फांदी दोन कापांच्या मध्ये स्वच्छ सुटते. खालच्या फांद्या आधी उतरवावयाच्या, म्हणजे वरून येणाऱ्या तुकड्यांना वाट मोकळी होते. बुंधा पोकळ असेल, तर एकाच बाजूचा भार काढून झाड एकांगी होऊ द्यावयाचे नाही. दोन्ही बाजू आळीपाळीने हलक्या करीत जावयाचे.

आता तुकडा खाली कसा आणावयाचा? खाली मोकळी जागा असेल तर तो सोडून देता येतो. पण खाली पत्र्याचे छप्पर असेल तर? अशा वेळी तुकड्याला दोर बांधतात, तो दोर वरच्या बेचक्याला लावलेल्या कप्पीतून घेतात आणि खाली बुंध्याला बसविलेल्या खुंट्यावर त्याचे दोन-तीन वेढे घेऊन एक माणूस त्याचे टोक धरतो. वेढ्यांच्या घर्षणामुळे एकटा माणूस मोठा भार सावकाश सोडू शकतो. विहिरीवर किंवा बंदरात काम केलेल्यांना हे तत्त्व नवे नाही. साधा हिशोब करून पाहावा. दोन फूट, म्हणजे सुमारे ६० सेंटिमीटर, व्यासाचा आणि तीन मीटर लांबीचा ओंडका घेतला, तर त्याचे आकारमान पाऊण घनमीटरहून अधिक, सुमारे ०.८५ घनमीटर भरते. ओल्या लाकडाचे वजन घनमीटरला आठशे ते हजार किलो धरले, तर हा एक ओंडका सात-आठशे किलोंचा होतो. तो शांतपणे दोरावर लोंबकळला तर दोरावर तेवढाच भार येतो. पण दोर ढिला ठेवून तो मीटरभर पडू दिला आणि मग एकदम अडविला, तर त्या क्षणी येणारा हिसका त्याच्या वजनाच्या कित्येक पट असतो. आणि तो हिसका दोराबरोबरच कप्पी लावलेल्या बेचक्याला, म्हणजे ज्या झाडावर माणूस बसला आहे त्या झाडालाही बसतो. म्हणून दोर धरणाऱ्याने ओंडका पडताच दोर अडवावयाचा नाही, थोडा पळू द्यावयाचा आणि मग हळूहळू आवळावयाचा. वरच्या माणसाचे प्राण खालच्या माणसाच्या या अर्ध्या सेकंदाच्या समजुतीवर अवलंबून असतात. आपल्याकडे खालचा माणूस म्हणजे फाटे गोळा करणारा बिगारी समजला जातो आणि त्याला सर्वांत कमी रोजंदारी मिळते.

आणखी एक गोष्ट. मेलेले झाड चढण्याच्या लायकीचे नसते. मुंबईतील वर्षावृक्षांवर २०१० नंतरच्या दशकात पिठ्या ढेकणाचा मोठा प्रादुर्भाव झाला आणि अनेक भव्य झाडे उभ्याउभ्या वाळली. वाळलेल्या फांदीची लवचीकता गेलेली असते. ती इशारा न देता मोडते, आणि ज्या बेचक्यावर दोर टाकावयाचा तेच कधी निखळेल याचा नेम नसतो. अशा झाडाला क्रेन किंवा पाळण्याची गाडी लावून, माणसाला झाडापासून स्वतंत्र आधार देऊनच काम केले पाहिजे. कांजूरच्या गल्ल्यांत ती गाडी शिरत नाही, ही अडचण खरी आहे. पण ज्या गल्लीत गाडी शिरत नाही, त्याच गल्लीत बांधकामाच्या मालाचा ट्रक शिरविण्यासाठी आपण फाटक काढतो, भिंतीचा कोपरा फोडतो, हेही खरे आहे.

हे सारे ज्ञान गुप्त नाही. अमेरिकेत १९२४ मध्ये स्थापन झालेली वृक्षसंवर्धकांची आंतरराष्ट्रीय संस्था आज या विषयाच्या परीक्षा घेते आणि प्रमाणपत्रे देते. अमेरिकन वनखात्यातील शास्त्रज्ञ अॅलेक्स शिगो यांनी हजारो खोडे उभी चिरून पाहिली आणि झाड आपली जखम माणसासारखी भरून काढीत नाही, तर तिच्याभोवती भिंती उभारून ती कोंडून टाकते, हा सिद्धान्त १९७७ मध्ये मांडला. त्यातून व्यवहारात निघणारा नियम असा, की फांदी बुंध्याला खेटून कापू नये आणि लांब खुंटही ठेवू नये; तिच्या मुळाशी जो फुगीर कडा असतो तो शाबूत ठेवून त्याच्या लगत बाहेर काप घ्यावा. म्हणजे कोंडण्याचे काम झाडाला साधते.

आपल्याकडे याच्या नेमके उलट चालते, आणि येथे अर्थशास्त्राचा संबंध येतो. पसरट झाडाचे शेंडे सरसकट उडविले, की ते पुढच्या दोन-तीन पावसांत असंख्य कोवळे धुमारे फोडते. हे धुमारे सालीच्या जवळून निघालेले, मुळाशी कच्चे असतात. ते जाड होतात, जड होतात आणि वाऱ्यात मोडतात. आतल्या बारीक फांद्या सोयीच्या म्हणून काढल्या आणि पाने केवळ टोकाला ठेवली, तर भार आणखी टोकाकडे सरकतो. म्हणजे वाईट छाटणी ही पुढच्या वर्षीच्या धोक्याची पेरणी आहे; आणि धोका निर्माण झाला, की छाटणी पुन्हा लागते. ज्या कामगिरीतून त्याच कामाची पुढची मागणी उत्पन्न होते, त्या कामगिरीचा दर्जा सुधारण्याची प्रेरणा करणाऱ्याला कोठून मिळणार? कंत्राटदार दुष्ट असतो असे मला म्हणावयाचे नाही. तो आपल्यापुढे ठेवलेल्या बक्षिसाप्रमाणे वागतो, इतकेच. बक्षिसाची रचना आपली आहे.

ती रचना कशी आहे पाहा. गृहनिर्माण संस्थेचा चिटणीस तीन दरपत्रके मागवितो. तीनही दरपत्रकांत ‘झाड छाटणे, नग एक’ असे लिहिलेले असते आणि पुढे आकडा. कमरेचा पट्टा किती जणांना, कप्पी आहे की नाही, खालचा माणूस शिकलेला आहे की नाही, विमा कोणाचा, याचा उल्लेख नसतो, कारण तो कोणी मागितलेला नसतो. ज्या बाजारात गिऱ्हाइकाला चांगला माल आणि वाईट माल यांतला फरक ओळखता येत नाही, तेथे चांगला माल हळूहळू बाजारातून उठतो. कारण त्याचा उत्पादनखर्च अधिक आणि किंमत मात्र सर्वांना सारखीच मिळते. अर्थशास्त्राच्या वर्गात जुन्या मोटारींचे उदाहरण देऊन हा सिद्धान्त शिकवितात. झाडाचे उदाहरण त्याहून बोलके ठरावे. जो पट्टे, दोर आणि चौघांची टोळी आणतो, तो पहिल्याच फेरीत बाद होतो. जो एक कुऱ्हाड, एक स्वस्त करवत आणि पोरसवदा दोन माणसे आणतो, त्याला काम मिळते. त्यातही तोडलेले लाकूड कंत्राटदाराने घेऊन जावयाचे असा करार असेल, तर अधिक लाकूड कापण्यातच त्याचे हित होते, आणि ‘छाटणी’ या शब्दाचा अर्थ त्या मानाने ताणला जातो.

हा प्रश्न केवळ महानगरपालिकेचा आहे, असे मानणाऱ्यांनी वृक्षगणनेचे आकडे पाहावेत. मुंबईची २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेली गणना सुमारे २९ लाख ७५ हजार झाडे दाखविते. त्यांपैकी रस्त्याच्या कडेची झाडे अवघी १ लाख ८५ हजारांच्या आसपास. खासगी आवारांतली मात्र १५ लाखांहून अधिक. म्हणजे अर्ध्याहून अधिक झाडांचे मालक आपण, सहकारी गृहनिर्माण संस्थांचे सभासद आहोत. पालिका दरवर्षी खासगी मालकांना नोटिसा पाठविते, की आपल्या आवारातील झाडे छाटून घ्या. नोटीस मिळाली की संस्था घाईघाईने कोणालातरी झाडावर चढविते. वर्तमानपत्रातील टीकेचा सारा रोख मात्र रस्त्याकडेच्या झाडांवर.

कायदा या बाबतीत काय म्हणतो? महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) वृक्ष संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ हा चांगला कायदा आहे, आणि त्याने या शहरातली पुष्कळ झाडे वाचविली आहेत. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांहून जुन्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा दिला आणि झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याची अट घातली. हेतू स्तुत्य आहे. तथापि प्रत्येक निर्बंधाबरोबर त्यातून वाट काढण्याची प्रेरणाही जन्माला येते, याचे भान ठेवावयास हवे. तोडण्याची परवानगी महाग आणि छाटण्याची स्वस्त असेल, तर तोड ही छाटणीच्या वेषात येऊ लागते. फांद्यांचा असा काही फडशा पाडावयाचा, की झाड दोन वर्षांत आपण होऊन मरावे. मग मेलेल्या झाडाची परवानगी सहज मिळते. आणि तेव्हा ते मेलेले, ठिसूळ झाड उतरविण्यासाठी पुन्हा कोणीतरी त्यावर चढते. जिवंतपणी त्यावर चढणे जितके धोक्याचे होते त्याच्या अनेक पट धोक्याचे काम तेव्हा झालेले असते. तोडावे की नाही, यासाठी कायद्यात प्राधिकरण आहे, झाडावर चिकटविण्याची नोटीस आहे, हरकती मागविण्याची तरतूद आहे. तोडण्याची रीत मात्र कंत्राटदाराच्या मर्जीवर आहे.

परवानगी नाकारण्याचाही एक खर्च असतो, हेही न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे. जुलै २०१७ मध्ये चेंबूरला रस्त्याने जाणाऱ्या एका महिलेच्या अंगावर नारळाचे झाड कोसळून तिचा मृत्यू झाला. ते झाड तोडण्याची परवानगी रहिवाशांनी आधी मागितली होती आणि ती मिळाली नव्हती, हे त्या वेळी वर्तमानपत्रांतून प्रसिद्ध झाले. १७ मे २०२१ च्या तौक्ते चक्रीवादळात शहरात दोन हजारांहून अधिक झाडे पडली. तेव्हा सर्व झाडांना हात जोडून दूर राहणे, हा मार्ग नव्हे. काही झाडे काढावीच लागतात. विशेषतः गेल्या दोन-तीन वर्षांत रस्त्यांच्या काँक्रीटीकरणासाठी जे खोदकाम झाले, त्यात मुळे तोडली गेलेली झाडे येत्या काही पावसाळ्यांत आपल्याला हिशोब चुकता करावयास लावतील. रस्त्याचा कंत्राटदार मुळे तोडतो, छाटणीचा कंत्राटदार फांद्या तोडतो, आणि दोघांची बिले मंजूर झाल्यावर उरलेले खोड रहिवाशांच्या माथ्यावर उभे राहते. दोन खात्यांच्या दोन निविदांना एकाच झाडाची गाठ पडली आहे, हे कोणत्याच फायलीत नोंदलेले नसते.

आता फांदीवरच्या माणसाकडे वळू. तो पडला तर काय होते? १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याने एक मोठे तत्त्व घालून दिले होते: कंत्राटदाराच्या माणसाला इजा झाली, तर ज्याच्यासाठी काम चालले होते त्या मूळ धन्याकडेही भरपाई मागता येते. पण तेथे एक अट होती. ते काम त्या धन्याच्या व्यापाराचा किंवा व्यवसायाचा नेहमीचा भाग असले पाहिजे. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या बाबतीत त्यांची कर्तव्ये हाच त्यांचा व्यवसाय, असे कायद्यानेच मानले होते. त्यामुळे रस्त्यावरच्या झाडावरून पडलेल्या माणसाला महापालिकेच्या दारात उभे राहता येत होते. गृहनिर्माण संस्थेचा व्यवसाय झाडे छाटणे हा असतो काय? नसतो, असे तिचा वकील म्हणणार, आणि त्याचे म्हणणे सहजासहजी खोडून काढता येणार नाही. नैमित्तिक कामावर असलेल्यांना वगळणारे जुने शब्द २००० सालच्या दुरुस्तीने काढून टाकले, ही सुधारणाच होती. पण मूळ धन्याविषयीची ही फट राहिली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता अमलात आली आणि जुना कायदा तिच्यात विलीन झाला. कंत्राटी माणसाच्या भरपाईची चौकट मात्र बहुतांशी तीच आहे. याचा व्यवहारातला अर्थ असा, की पंधरा लाख झाडांच्या मालकांना आपल्या झाडावर चढलेल्या माणसाच्या जिवाचा धोका आपल्या हिशोबात धरावा लागत नाही. धोका पत्करणारा एक आणि निर्णय घेणारा दुसरा असेल, तर निर्णय नेहमी धोक्याच्या बाजूने होतो. छाटणी स्वस्त पडते याचे रहस्य कंत्राटदाराच्या कार्यक्षमतेत शोधण्याचे कारण नाही. खर्चाचा एक मोठा भाग चढणाऱ्याच्या बायकामुलांच्या नावे टाकलेला असतो, तो दरपत्रकात दिसत नाही एवढेच.

यावर सभासदांचे ठराविक उत्तर असते: सुरक्षित काम परवडत नाही. परवडण्याचा हिशोब आपण करून पाहू. समजा, साठ सदनिकांच्या संस्थेत एका मोठ्या वर्षावृक्षाचे काम नेहमीच्या टोळीकडून पंधरा हजारांत होते, आणि पट्टे, दोर, कप्पी, दोन शिकलेले चढणारे, खाली एक जाणकार माणूस व विमा यांसह ते चाळीस हजारांत होते. फरक पंचवीस हजारांचा. दर सदनिकेस सुमारे चारशे सतरा रुपये. चांगल्या छाटणीनंतर तीच छाटणी दरवर्षी करावी लागत नाही, हे धरले तर हा आकडा आणखी खाली येतो. ज्या संस्था प्रवेशद्वाराच्या कमानीला ग्रॅनाइट बसविण्यासाठी प्रत्येकी पाच-दहा हजारांची वर्गणी विनातक्रार गोळा करतात, त्यांनी चारशे रुपयांसाठी परवडत नाही म्हणणे जरा विचित्र दिसते.

मात्र दुसरी एक शंका आहे, ती मला अधिक गंभीर वाटते. नियम कडक केले, प्रमाणपत्राची सक्ती केली, तर आज या कामावर पोट भरणारी अशिक्षित माणसे बाहेर फेकली जातील आणि त्यांच्या जागी इंग्रजी नावाच्या चार कंपन्या येतील. आपल्याकडे व्यवसायांचे नियमन पुष्कळदा असेच झाले आहे. सुरक्षिततेच्या नावाने प्रवेश बंद झाला आणि दर मात्र वाढले. याचे उत्तर सक्तीच्या आधी शिक्षण, हे आहे. केंद्र सरकारच्या नारळ विकास मंडळाने २०११ मध्ये ‘नारळवृक्षाचे मित्र’ या नावाची योजना सुरू केली. केरळात नारळ उतरविणारी माणसे मिळेनाशी झाली होती. जातीने आणि गरिबीने बांधलेला जुना वर्ग ते काम सोडून चालला होता. मंडळाने तरुणांना, आणि स्त्रियांनाही, थोड्या दिवसांचे प्रशिक्षण दिले, चढण्याचे यंत्र दिले आणि अपघात विम्याची जोड दिली. काम तेच राहिले, पण ज्याला लाज वाटावी असे मानले जात होते त्याचे एका कसबात रूपांतर होऊ लागले. खांबासारख्या झाडासाठी जे करता आले ते पसरट झाडासाठी का करता येऊ नये? मुलुंडला शासनाची औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहे. तेथे तारतंत्री आणि जोडारी शिकविता येत असेल, तर दोर, गाठ, कप्पी आणि करवत यांचा तीन महिन्यांचा अभ्यासक्रम शिकविण्यात अशक्य ते काय आहे? जो माणूस वीस वर्षे झाडावर चढतो आहे, त्याला पहिल्या दिवसापासून वर्गात बसविण्याचे कारण नाही. त्याची परीक्षा झाडावरच घ्यावी आणि उणे असेल तेवढेच शिकवावे. त्याच्यापाशी पायांची जी समज आहे ती कोणत्याही पुस्तकात नाही. त्याला हवा आहे तो दुसरा दोर.

महानगरपालिकेकडे याहून सोपा एक उपाय हाताशी आहे. भांडुप, कांजूर, विक्रोळी, पवई हा सारा परिसर तिच्या ‘एस’ विभागात येतो. या विभागातील उद्यान खात्याने छाटणीच्या परवानगीपत्रावरच चार अटी छापाव्यात: चढणाऱ्याला दोन स्वतंत्र दोर, करवत चालू असताना झाडाखाली आखलेल्या वर्तुळात कोणी नाही, वाळलेल्या झाडावर चढावयाचे नाही, आणि चढणाऱ्याच्या नावाचा अपघात विमा, त्याची प्रत अर्जासोबत. यांपैकी कोणत्याही अटीला नवा कायदा लागावा असे वाटत नाही, आणि दिवसाकाठी एखादे काम अचानक जाऊन पाहिले तरी धाक बसतो. पालिकेच्या स्वतःच्या निविदांत दर ‘नगावर’ न मागता टोळीच्या दिवसावर मागावा. नगावर दर दिला की घाई विकत घेतली जाते, आणि घाई ही झाडावर सर्वांत महाग वस्तू आहे. झाड काढावयाचे की राखावयाचे याचा अभिप्राय देणारा आणि ते कापणारा, हे दोघे एक असू नयेत. वैद्य आणि औषधविक्रेता यांच्याविषयी आपण जी सावधगिरी बाळगतो तीच येथे बाळगली म्हणजे झाले. तज्ज्ञांवाचून निर्णय घेणाऱ्या वृक्ष प्राधिकरणाला २०१८ मध्ये उच्च न्यायालयाने आवर घातला होता. परवानगीच्या बाबतीत जे तत्त्व न्यायालयाला आवश्यक वाटले ते तोडण्याच्या पद्धतीलाही लावावयास हरकत नसावी.

गृहनिर्माण संस्थांना मात्र परवानगीपत्रावरील अटींची वाट पाहण्याचे कारण नाही. येत्या वार्षिक सभेत दरपत्रकाचा नमुना बदलण्याचा एक ओळीचा ठराव करता येईल. ‘झाड छाटणे, नग एक’ याऐवजी किती माणसे, किती दोर, वरचा कोण, खालचा कोण, विम्याचा क्रमांक काय आणि लाकूड कोणाचे, हे रकाने त्यात घालावेत. आणि लाकूड संस्थेचे राहील, त्याची विक्री वेगळी होईल, असे स्पष्ट लिहावे. हे रकाने भरता आले नाहीत म्हणून ज्याचे दरपत्रक कोरे परत येईल, त्याला काम न देण्यास चिटणिसापाशी निदान एक लेखी कारण राहील.